माशी काढायची न्हाई

मुंजाजी मिस्त्रीकडून बंदूक दुरुस्त करून घ्यायची म्हणजे पिंगळीच्या रस्त्याला जुन्या दगडखाणीत जाऊन गोवरीवरचा चहा प्यावा लागायचा. चहा झाल्याशिवाय बंदूक हातात मिळत नव्हती. मग माणूस फौजदाराचा मेहुणा असो नाहीतर गावचा मालक असो.

रीत अशी होती. परभणीच्या बाजारात बंदुकांचं एक लायसनवालं दुकान होतं. दुकान शेठचं, पण हात मिस्त्रीचा. दुरुस्ती झाली की मिस्त्री हत्यार खांद्याला अडकवून सायकलवर खाणीकडं निघायचा. मागं कॅरेजवर त्याची बायको मथुराबाई, तिच्या मांडीवर गोवऱ्यांची पाटी आणि चहाचं सामान. खाणीत काळ्या दगडाला टेकून एक वाळकी गोवरी उभी करायची, तिच्या मधोमध मथुराबाई चुन्याचं बोट लावणार. मिस्त्री स्वतः गोळी मारणार. चुन्यात भोक पडलं तर तीच गोवरी मोडून तीन दगडांच्या चुलीत घालायची, तिच्यावर चहा उकळायचा, मालकानं आणि मिस्त्रीनं तो सोबत बसून प्यायचा, मग हत्यार मालकाच्या हातात. भोक नाही पडलं तर चहा नाही. हत्यार परत दुकानात.

लोक कंटाळायचे. म्हणायचे, "मिस्त्री, पावती द्या की निस्ती. ह्या उन्हात खाणीत कशाला नेता?"

त्याचं उत्तर ठरलेलं. "पावती शेठ देतो. मी च्या देतो."

मी लिंबाजी. कापसाच्या जिनिंगच्या गेटावर बंदूक घेऊन उभा राहण्यात माझी हयात गेली. शाळा चौथीपर्यंत, तीही गुरुजीशी भांडून सोडली, आणि भांडणात चूक गुरुजीचीच होती. हे लिहायला बसलो त्याला कारण एक फौजी पोरगा. परवा एका लग्नात तो सांगत होता, आता पिस्तुलावर काचेत लाल टिपका असतो, तो निशाणावर ठेवला की काम झालं. पण खाली जुनी लोखंडी माशी ठेवतातच, टिपका बंद पडला तर पंचाईत नको. ही म्हणे अगदी नवीन पद्धत आहे. मी म्हणालो, नवीन? बाळा, तू जन्मायच्या आधी परभणीत आमच्या मुंजाजी मिस्त्रीनं हे करून ठेवलं होतं, आणि त्यापायी स्वतःची अब्रू पणाला लावली होती. पोरगा हसला. त्याच्या हसण्याला उत्तर म्हणून हे लिहितो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. नळीच्या टोकाला जो बारीक लोखंडी उंचवटा असतो त्याला माशी म्हणतात. पिस्तुलाला डोळ्याच्या बाजूला एक खाच पण असते. खाचेत माशी बसवायची, माशीवर निशाण बसवायचं. एवढंच. पण या एवढ्यावर मिस्त्रीनं जन्म काढला.

माणूस दिसायला काही नव्हता. बुटका, छाती पुढं, मिशा तेल लावून वळवलेल्या, आणि तोंडात पान नसलं तरी पान असल्यासारखा बोलायचा. बाप नांगराचे फाळ करायचा. हा निजामाच्या वेळेला हैदराबादेला एका बंदूकसाज म्हाताऱ्याकडं राहून काम शिकून आला, आणि परत आल्यापासून परभणीत आपल्यासारखा कारागीर नाही असं स्वतःच सांगत सुटला. नम्रपणा त्याच्यात औषधालाही नव्हता. एखादी बंदूक जमली नाही तर म्हणायचा, "हिच्यात खोट हाय," आणि जमली तर म्हणायचा, "माझ्यात खोट न्हाई."

कुठल्याही एकाच वस्तूवर त्याचा भरवसा नसायचा. सायकलला डायनामोचा दिवा होता, तरी हँडलला कंदील टांगलेला, आणि कंदिलात तेल भरलेलं. काडीपेट्या दोन, एक शर्टाच्या खिशात, एक धोतराच्या कनवटीला. दुकानाला कुलूप, आणि कुलपाला गाठ मारलेली सुतळी. मी एकदा विचारलं, "मिस्त्री, ज्यानं कुलूप फोडलं तो सुतळीला भिणार का?"

म्हणाला, "भिणार न्हाई. पण थांबल. थांबला की ईचार करंल. ईचार केला की घरी जाईल."

"आन न्हाई गेला तर?"

"तर मग त्याला बंदुकीचीच गरज आसंल. मी तरी काय करू?"

त्याची माझी ओळख माझ्याच बंदुकीपायी झाली. जिनिंगच्या बारा बोरच्या बंदुकीची माशी कुठंतरी झडून पडली होती. तपासणी जवळ आलेली. मी आपली अक्कल चालवली. बायकोच्या तुटलेल्या पोतीतला एक काळा मणी घेतला आणि लाखेनं नळीवर चिकटवला. लय झ्याक दिसत होता. कुणाला कळलं नसतं. पण मालकानं साफसफाईला म्हणून बंदूक दुकानात पाठवली, आणि मुंजाजी मिस्त्रीनं ती डोळ्यापुढं धरली, नखानं मणी टोकरला, आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं विचारलं, "लिंबाजी, हिला काळा मणी बांधलायस, लगीन कुणासंगं लावलंस?"

मी चिडलो. म्हणालो, "नेम लागला म्हंजे झालं ना."

"लाव. चल खाणीत."

गेलो. पहिल्याच गोळीच्या दणक्यानं मणी उडाला तो कुठं गेला कळलं नाही. गोवरी जशीच्या तशी. मथुराबाई चुलीपाशी बसल्या जागेवरून म्हणाली, "भावजी, मणी घरी हाय का अजून? वयनीला गळ्यात घालायला राहू द्या थोडे." तेव्हापासून मी तिला वयनी म्हणायला लागलो आणि त्या दोघांच्या चहाला हक्कानं जायला लागलो. सुगी सोडली तर जिनिंगला काम नसायचंच.

मथुरावयनीबद्दल एक सांगायला पाहिजे. ती गोधड्या शिवायची. तिच्या गोधडीचा टाका इतका सरळ की दोरी धरून मारल्यासारखा. दुकानात पोरांच्या छर्‍याच्या बंदुका दुरुस्तीला यायच्या, त्या तपासायला मिस्त्रीला कमीपणा वाटायचा. म्हणायचा, "ही काय बंदूक हाय? पिचकारी हाय." मग ती बंदूक वयनीकडं. ती खाणीत चुलीवर आधण ठेवायची, पदर खोचायची, फट्‌ फट्‌ करून गोवरीवरच्या चुन्यात छर्रे बसवायची आणि परत येऊन चहात साखर टाकायची. मिस्त्री तिकडं बघायचा पण नाही.

आता त्या चहाच्या रिवाजाचा खरा अर्थ मला कधी कळला ते सांगतो.

विद्यापीठाच्या नामांतराचा पहिला भडका उडाला ते दिवस. गावोगावी वस्त्या जळत होत्या, माणसं रात्रीतून अंगावरच्या कपड्यानिशी परभणीला येत होती. तेव्हा एका गावचा एक माणूस दुकानात आला. त्याचं नाव लिहीत नाही, त्याची लेकरं अजून आहेत. दोन नळीची बंदूक, घोडा अडकतो म्हणाला, आत्ताच्या आत्ता करून दे म्हणाला. डोळे लाल, बोलताना थुंकी उडत होती. कशासाठी पाहिजे हे त्याला विचारायची गरज नव्हती. शेठ घाबरून गल्ल्यातली चिल्लर मोजायला लागला. मी बाकड्यावर होतो.

मिस्त्रीनं बंदूक घेतली, पाठमोरा झाला, काही खुडबूड केली, तेल दिलं, घोडा चालवून दाखवला. मग नळीच्या टोकाकडं बघून च्‌ च्‌ केलं. "मालक, माशी पडलीय हिची."

"सकाळी हुती."

"आता न्हाई."

"राहू दे. मला माशी लागत न्हाई. दे तशीच."

"तुमाला लागत न्हाई, मला लागती," मिस्त्री म्हणाला. "माशीबिगर मी गोळी मारत न्हाई. गोळी मारल्याबिगर गोवरीला भोक पडत न्हाई. भोक पडल्याबिगर माझ्या हातून हत्यार गेलेलं न्हाई. ह्या अख्ख्या बाजाराला इचारा. नवी माशी हैदराबादेहून मागवावी लागंल."

त्या माणसानं शिव्या दिल्या, हात उगारला. पण बाजारातले चार लोक जमा झाले होते आणि त्या चौघांनीही खाणीतला चहा कधी ना कधी प्यायलेला होता. त्यातला एक म्हणाला, "मालक, मिस्त्रीचा रिवाजच हाय तो. फौजदाराला बी सोडलं न्हाई त्यानं." माणूस पाय आपटत गेला. बंदूक कपाटात राहिली, गावं शांत होईपर्यंत राहिली.

तो गेल्यावर मिस्त्रीनं गाल चाचपला आणि दाढेखालून माशी काढून हातावर घेतली. पितळेची, हरभऱ्याच्या डाळीएवढी. दोन बोटांनी पुसली.

मी म्हणालो, "मिस्त्री, तुमीच काढली?"

"डोळ्याम्होरं मानूस दिसंना ज्याला, त्याच्या नळीवर माशी आसून काय करायचीय?" म्हणाला. मग माशी डबीत टाकत म्हणाला, "लिंबाजी, एकदा जरी कुणाला च्या न पाजता बंदूक दिली आसती ना, तर आज ह्याला कशानं आडवलं आसतं?"

त्याच्या हातून माशी काढलेली मी एवढीच एक पाहिली. रिवाज कशासाठी मोडायचा नाही हे मला त्या दिवशी कळलं. शेठला कधी कळलं नाही.

पुढं काही वर्षं गेली. आणि मला एक गोष्ट दिसायला लागली. गोवरीवरचा चुना वाढत होता. आधी वयनी करंगळीनं बारीक ठिपका लावायची. मग अंगठ्यानं लावायला लागली. मग दोन बोटांनी फासायला लागली. मग एक दिवस बघतो तर बत्ताशाएवढा चुना. मिस्त्रीनं तिला तसं सांगितलं नव्हतं. तिनं विचारलं नव्हतं. दोघं त्याबद्दल बोलत पण नव्हती. दुकानात तो माशी घासताना आता डोळे मिटून बोटांनी चाचपायचा. मी म्हणालो, "मिस्त्री, डोळ्याच्या डाक्टरला..."

"डाक्टरच्या बंदुकीची माशी वाकडी हाय का?" म्हणाला. विषय बंद.

पण मला कळत होतं त्याच्या जिवाला काय लागलंय. डोळा गेला तर गोळी जाणार, गोळी गेली तर चहा जाणार, आणि चहा गेला तर उद्या कुणी लाल डोळ्याचा दुकानात आला की आडवायला मिस्त्रीकडं काही उरणार नाही.

अशात येलदरीकडचे अण्णासाहेब आले. धरणाच्या पाण्याच्या काठाला त्यांची जमीन, शेतातल्या आखाड्यावरच्या घरात राहायचे, लायसनचं पिस्तूल कमरेला. मोठा बागायतदार, बोलायला मोकळा, पण आपल्याला नाही म्हणणारा माणूस त्यांनी पाहिलेला नव्हता. सोबत जावई. जावई सौदीला नोकरीला. त्यानं सासऱ्यासाठी एक नळकांडं आणलं होतं, बोटभर लांबीचं, आत सेल, काचेत बघितलं की मधोमध लाल टिपका.

जावई म्हणाला, "मिस्त्री, हे पिस्तुलावर बसवायचं. टिपका जिथं ठेवाल तिथं गोळी."

मिस्त्रीनं नळकांडं उलटंपालटं केलं. "लिंबाजीनं मणी बांधला हुता, तुमी कुंकू आणलं. आता निस्ती वरात काढायची राह्यली."

अण्णासाहेब हसले. म्हणाले, "मुंजाजी, वयामुळं आता बारीक दिसत न्हाई रे मला. म्हणून आणलंय जावयानं. बसव. आन ती खालची माशी घासून टाक, मधी मधी येती."

"माशी काढायची न्हाई."

"काय?"

"टिपका बसवतो. माशी काढायची न्हाई."

जावई म्हणाला, "अहो, टिपका असल्यावर माशी कशाला?"

"सेल संपल्यावर?"

"लय दिवस चालतो. मी आणखी पाठवीन."

"पाणी गेलं आत? पडलं, काच फुटली? जावईबापू, तुमचं हे सौदीला दुरुस्त हुतं. माशी परभणीत दुरुस्त हुती."

अण्णासाहेबांचा आवाज चढला. "पिस्तूल माझं हाय का तुझं?"

"तुमचं हाय. न्या की. माशी घासणारा दुसरा मिस्त्री बघा." आणि पिस्तूल त्यांच्यापुढं सरकवलं. दुसरा मिस्त्री परभणीत नव्हता हे दोघांना ठाऊक होतं.

शेवटी अण्णासाहेबांनी पिस्तूल ठेवलं आणि मिस्त्री इरेला पेटला. पिस्तुलाचं वरचं लोखंड गोळी सुटली की मागं सरकतं, म्हणून नळकांडं त्याच्यावर ठेवता येत नाही. त्यानं मुठीच्या बाजूनं पट्टी उचलून वर एक पूल केला. पुलावर नळकांडं. आणि पुलाखाली जागा मोकळी, अशी की तिच्यातून बघितलं तर जुनी खाच आणि जुनी माशी सरळ दिसावी. कित्येक दिवस तो दुसऱ्या कामाला हात लावत नव्हता. मला दाखवून म्हणाला, "वरून गाडी जाईल, खालून पाणी जाईल." मी त्या बोगद्यातून बघितलं. माशी लख्ख दिसत होती. मी तसं म्हणालो. तो पिस्तूल फडक्यात गुंडाळायला लागला. त्यानं स्वतः त्यातून बघितल्याचं मला आठवत नाही.

खाणीत जायचा दिवस ठरला. अण्णासाहेबांची जीप, जावई, शेठ, मी, आणि सायकलवर हे दोघं. वयनीनं गोवरी लावली. चुना असा फासला होता की जणू भिंत सारवायला काढलीय. अण्णासाहेब म्हणाले, "एवढा चुना?" वयनी म्हणाली, "पाव्हणे आलेत म्हणून." आणि चुलीपाशी जाऊन बसली.

मिस्त्रीनं पिस्तूल उचललं, नळकांड्यात बघितलं. आणि तसाच उभा राहिला. मला वाटलं काही बिघडलं. मी जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं. तो स्वतःशीच म्हणाला, "दिसायलंय की."

गोळी सुटली. भोक चुन्याच्या मधोमध.

जावयानं टाळी वाजवली. "बघा मिस्त्री! शेवटी टिपकाच कामाला आला."

मिस्त्रीनं मिशीवर हात फिरवला. त्या वेळी चहा टाकला असता तर गोष्ट तिथंच संपली असती. पण अण्णासाहेबांच्या मनात ते भांडण राहिलं होतं. म्हणाले, "थांब मुंजाजी. आता ते कुंकू बंद कर आन तुझ्या माशीनं मार. एवढी भांडून ठेवलीस. भोक पडल्याबिगर हत्यार देत न्हाईस ना तू? मग माशीचं बी भोक दाखव."

मिस्त्रीनं टिपका बंद केला. हात उचलला. डोळा बारीक केला. हात खाली घेतला. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. परत हात उचलला. वयनी चूल फुंकत होती ती थांबली.

गोवरीला आधीचं भोक होतंच. हा हवेत मारून "त्याच भोकातून गेली" म्हणाला असता तरी त्याच्यासमोर कोण बोललं असतं? मिशा वळवून त्यानं तसं सांगितलं असतं तर मी पण मान हलवली असती. माझ्या डोक्यात हे आलं म्हणजे त्याच्याही आलं असणार. तो लबाडीला कच्चा नव्हता. दाढेखाली माशी ठेवणारा माणूस तो.

त्यानं पिस्तूल खाली केलं.

"अण्णासाहेब, मला माशी दिसत न्हाई."

शेठ जमिनीकडं बघायला लागला. मग जावई म्हणाला, "मग इतकं भांडून ठेवली कशाला?"

"मला दिसत न्हाई म्हणून ती न्हाई का?" मिस्त्री म्हणाला. आवाज नेहमीसारखाच, पान असल्यासारखा. "माझ्या डोळ्यापुरतं मी हत्यार करत न्हाई. ज्याला दिसती त्याच्यासाठी ठिवली. मथुरे, हिकडं ये."

इथं एक सांगतो. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. रोज बंदूक खांद्याला लावणारा माणूस. डोळे तेव्हा घारीसारखे. मला कुणी विचारलं नाही. असो.

वयनी उठली. हाताची राख पदराला पुसली. "ही छर्‍याची न्हाई," म्हणाली.

"तशीच हाय. जरा जास्त वरडती."

"आन लागली न्हाई तर?"

"तर च्या न्हाई. घरी जाऊ."

अण्णासाहेब म्हणाले, "मुंजाजी, बाईमाणसाच्या हातात..."

"तिनं चुना लावला म्हणून तुमाला आजवर भोक दिसलं, अण्णासाहेब. हातात काय हाय ते बघू नका. भोक बघा."

तिनं दोन्ही हातांनी पिस्तूल धरलं. तो मागं उभा राहिला. तिच्या खांद्यावरून गोवरीकडं तोंड करून, पण डोळे मिटलेले. "माशी खाचेत बसली का?"

"हां."

"चुना माशीवर बसला का?"

"हां."

"मग श्वास धर."

पहिली गोळी वर दगडाला लागली. कपची उडाली. जावई हसला. वयनीनं वळून बघितलं. "जावईबापू, तुमचं हसून झाल्यावर मारू का?" दुसरी गोळी गोवरीचा कान घेऊन गेली. मिस्त्री म्हणाला, "वडू नको. दाब. टाका घालतीस तसं." तिसरी गोळी सुटली आणि आधीच्या भोकापासून बोटभर खाली, चुन्यातच, दुसरं भोक पडलं.

वयनी पिस्तूल त्याच्या हातात देऊन चुलीकडं गेली. जणू दूध उतू चाललंय. पण त्या दिवशीच्या चहात साखर दुप्पट पडली होती.

चहा पिऊन अण्णासाहेबांनी पिस्तूल घेतलं. पुलाखालून बघितलं. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. त्यांनाही माशी दिसत नव्हती, हे आम्हां सगळ्यांना दिसत होतं. जावयाच्या हातात देत म्हणाले, "आसू दे माशी."

त्यानंतर रिवाज बदलला नाही, हात बदलला. चुना परत करंगळीएवढा झाला. गोळी वयनी मारायची, हा मागं उभा राहून डोळे मिटून विचारायचा. शेठनं कायद्याची बारीकशी कुरकुर केली. मिस्त्री म्हणाला, "मग च्या तुमी करत जावा." शेठनं पावतीबुक उघडलं. आणि बाजारात लोक म्हणायला लागले की मिस्त्रीच्या हातून सुटंल एकवेळ, बाईच्या हातून चुकीचं हत्यार सुटणार नाही. मिस्त्रीला हे आवडायचं नाही. पण ऐकायला आलं की थांबून पुरतं ऐकायचा.

त्या टिपक्याचा सेल वर्षाच्या आत संपला. तसला सेल परभणीत मिळेना. अण्णासाहेब पिस्तूल घेऊन आले. म्हणाले, "मुंजाजी, तुझं खरं झालं. काढ हे नळकांडं. माशी बरी."

मला वाटलं आता हा अख्ख्या बाजाराला ओरडून सांगणार. पण तो म्हणाला, "टिपका काढायचा न्हाई."

"आता हे काय नवीन?"

"माशी मथुरेच्या डोळ्यासाठी हाय. टिपका माझ्या डोळ्यासाठी, आन तुमच्या बी. दोन्ही राहू द्या." घड्याळवाल्याकडं जाऊन त्यानं घड्याळाचे बारके सेल एकावर एक बसवून टिपका पेटवून आणला. काचेत बघताना त्याच्या तोंडावर असं हसू की लहान पोराला जत्रेत दुर्बीण मिळावी. परत देताना मला म्हणाला, "लिंबाजी, वाईट न्हाई रे कुंकू."

पुढं त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, एका डोळ्याचं. हिरव्या पट्टीचा मिस्त्री बघायला आम्ही गेलो. जाड भिंगाचा चष्मा लागला. लांबचं दिसायला लागलं, पण हातभर अंतरावरची माशी काही दिसली नाही. डॉक्टर म्हणाले दुसराही डोळा करून टाकू. हा म्हणाला, "न्हाई. जुना राहू द्या."

"अहो, जुन्यानं दिसत नाही तुम्हाला."

"उजेड-अंधार कळतो. नवा बिघडला तर?"

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. कुलूप आणि सुतळी मला ठाऊक होती.

त्याला शेवटचं बघितलं ते नामांतराचा निकाल लागला त्या दिवसांत. कुठं काही होऊ नये म्हणून लायसनच्या बंदुका ठाण्यात जमा झाल्या होत्या. दुकान बंद. जिनिंगची बंदूक पण ठाण्यात, मी काठी घेऊन गेटावर. सकाळी पाळी संपवून पिंगळीच्या रस्त्यानं येत होतो. खाणीतून धूर दिसला. मनात म्हणालो, हत्यार एक नाही आणि चूल कशाला?

वर कडेला उभा राहून बघितलं. खाली काळ्या दगडाला गोवरी उभी केलेली, तिला करंगळीएवढा चुना. सायकल बाजूला, हँडलला कंदील. मिस्त्री मधोमध उभा. हात रिकामा. रिकामा हात त्यानं सरळ गोवरीकडं धरला होता, एक बोट पुढं. वयनी त्याच्या मागं उभी राहून त्याच्या खांद्यावरून बघत होती.

"बसली का?" तो म्हणाला.

"जरा डावीकडं."

त्यानं बोट हलवलं.

"आता?"

"हां. बसली."

तो हात तसाच धरून उभा राहिला. मग खाली घेतला. वयनी गेली, गोवरी उचलून आणली, भोक नसलेली, सगळीच्या सगळी. तिनं ती मोडून चुलीत घातली आणि वर पातेलं ठेवलं. तो चुलीपाशी बसला आणि दोन कप पुढं मांडले. मग थोडा थांबला, पिशवीत हात घालून तिसरा काढला, आणि वर न बघताच ओरडला, "लिंबाजी, उतर खाली. च्या झालाय."